वाढणारीचं ताट

दि. १२ मार्च, मंगळवार, दुपार

अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. मामंजींचा खोकला कसा आहे? काढा कोमट द्या, ऊन दिला की ते बशीत ओतून ठेवतात आणि विसरतात.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी हं हं करते. म्हणून लिहून पानांचे फोटो पाठवते आहे. सगळी पानं वाचा.

तुमचं फर्मान पोचलं. गुरुवारचं तिकीट काढलंत, बॅग भरायला सांगितलंत. ‘हॉटेलातलं तुपकट, मैद्याचं खाल्लंस म्हणून चक्कर आली,’ असं तुम्हीच ठरवूनही टाकलंत. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

या परक्या देशातलं आपल्याकडचं जेवण देणारं हॉटेल मी पुरतं ओळखून आहे. नान मैद्याचा, डाळीत लोणी, पालकात साय. मेनूत ज्या पदार्थांपुढे तब्येतीला चांगले म्हणून हिरवं पान छापलंय, त्यातही काजूचं वाटण. दोन दिवस त्या पानाला भुलले. मग सरळ स्वयंपाकघरात शिरले.

“साधं वरण, कणकेची रोटी, पालेभाजी मिळेल?” मी विचारलं.

आचारी हसला. “ते आमचं जेवण, काकू. गिऱ्हाईक मागत नाही.”

“मग तुमच्यातलंच वाढा.”

तेव्हापासून मी साडेअकराला त्यांच्या पंगतीला असते. वरण, मेथी, दोन रोट्या, काकडी, वाटीभर दही. हॉटेल उघडण्याआधी आचारी, भांडीवाली, वाढपी सगळे जेवून घेतात. मी पहिल्या दिवशी पळी हातात घेतली, तर भांडीवालीने ती काढून घेतली आणि मला खाली बसवलं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मी पडले ते स्वयंपाकघरात शिरले त्याच्या आदल्या दिवशी, आणि पोटात मैदा नव्हता. पोटात काहीच नव्हतं. इथे भरतकाम शिकवायला आलेल्या आम्ही सहाजणी टेबलाशी बसलो होतो. मी माझी मधुमेहाची गोळी घेतली आणि सवयीने सगळ्यांना वाढत बसले. हिला भात, तिला डाळ, आणखी एक रोटी मागवा. हॉटेलात कोण वाढत बसतं? मी बसले. सगळ्यांची जेवणं झाली, माझं ताट कोरडंच, आणि मी खुर्चीवरून खाली.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कधी, जेवण कधी? मी घरचं सांगितलं. तुमचं पान मांडलं की गोळी, मग मामंजी, तुम्ही, भावजी, मुलं, सगळ्यांना तव्यावरची गरम पोळी, मग ओटा, मग मी. दीड-दोन तास. “रोज?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अकरा वर्षं. त्या म्हणाल्या, गोळीनंतर अर्ध्या तासात पोटात अन्न नसेल तर साखर उतरून चक्कर येणारच.

दुपारची ती माझी चक्कर, जिला तुम्ही ‘हिचं नाजूक प्रकरण’ म्हणता, जिच्यामुळे बहिणीकडेही मला एकटीला पाठवत नाही, ती चक्कर म्हणजे भूक होती. मला राग आला आहे. तुमच्यावर आहे आणि माझ्यावर जास्त आहे, कारण कोणी जेव म्हटलं तरी मीच ‘तुमचं होऊ द्या’ म्हणायची आणि त्यात मोठेपणा मानायची.

साडेअकराला जेवायला लागल्यापासून एकदाही चक्कर नाही. समोर तीस बायका सुई धरून बसतात, कोणाचा टाका सैल पडला तर मी उसवायला लावते, आणि त्या मुकाट्याने उसवतात. वर्ग संपायला अठरा दिवस आहेत. मी गुरुवारच्या विमानात बसणार नाही. तिकीट रद्द करा.

आल्यावरही ऐकून ठेवा. गोळी घेतली की अर्ध्या तासात मी जेवायला बसेन. त्या वेळी तव्याशी कोण उभं राहणार, ते तुम्ही पुरुषमाणसांनी ठरवा. मला विचारू नका, माझ्या तोंडात घास असेल.

लोभ आहेच. भूकही लक्षात असावी.

तुमचीच,
जेवून उठलेली