छातीवरचा बंद कॅमेरा

प्रिय स्वप्नील,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू रडायला लागतोस आणि मग मला तुझ्यावर रागवता येत नाही. मला नीट रागवायचंय, म्हणून लिहितेय.

तुम्हा पोलिसांच्या छातीवर कॅमेरे आले तेव्हा आपल्या कडाव गावात लोक कुरकुरले होते, आमी काय चोर हाय का, आमचं शूटिंग कशाला? तूच ओट्यावर बसून समजावलंस, की पोलिसानं हात उचलला तर तोही यात दिसतो, हे तुमच्यासाठीच आहे. मला केवढा अभिमान वाटला होता तुझा! आणि मग तूच नवी रीत पाडलीस. शिळफाट्याच्या नाकाबंदीला गावचा माणूस बिनहेल्मेटचा सापडला, की हळूच कॅमेरा बंद करायचा आणि त्याला सोडून द्यायचं. गाव खूश. आपल्या स्वप्नीलनं माणुसकी ठेवली म्हणे. डोंबलाची माणुसकी!

त्या दिवशी तुझे भावोजी दूध घालायला निघाले होते, तेव्हाही तू तेच केलंस. नेमका तुझा साहेब मागून आला आणि हा कोण म्हणून विचारलं. ह्यांनी भोळेपणानं सांगितलं, स्वप्नील आमचा मेव्हणा हाय. एवढ्यावरून साहेबानं, पोलिसाचं नातं सांगतोस काय म्हणत, थोबाडीत दिली, दुधाची किटली लाथेनं उडवली. पुन्हा हात उगारला तेव्हा ह्यांनी तो धरला. नुसता धरला, स्वप्नील. तू हातभर अंतरावर होतास. आता केस काय, तर सरकारी कामात अडथळा आणि अधिकाऱ्याला धक्काबुक्की. साहेबाच्या कॅमेऱ्याचं म्हणे चार्जिंग संपलेलं. तुझा तूच बंद केलेला. आणि तुझा जबाब? मी वाहतूक बघत होतो, मला काही दिसलं नाही.

वकिलांनी तो जबाब वाचून दाखवला. बाहेर आल्यावर हे म्हणाले, जाऊ दे गं, पोराची नवी नोकरी हाय. मला त्यांचाही संताप आला. तुझ्या भरतीच्या वेळी स्वतःची कामं टाकून तुला रोज कर्जतच्या मैदानावर धावायला कोण नेत होतं? त्यांना जेल झाली तर रियाला मी काय सांगू, मामाला दिसलं नाही?

आई म्हणते, भावाचं वाटोळं करू नकोस. तिला अजून सांगितलेलं नाही, पण काल मी वकिलांकडे जाऊन आमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलं. समन्स तुझ्या ठाण्यावर येईल, साहेब ते तुझ्याआधी बघेल, म्हणून तुला आधी कळवतेय. तो धमकावेल, कदाचित तुझ्या नोकरीवरही गदा येईल, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. कॅमेरा कोणासाठी बंद करत होतास तेही कोर्टात विचारतील. सांग. गावाला वाईट वाटलं तर वाटू दे. साक्षीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला ये. भावोजी तुझ्यावर रागावलेले नाहीत. रागावलेय ती मी, आणि तू खरं बोलेपर्यंत रागावलेलीच राहणार.

तुझीच,
सुरेखाताई