बदललेलं कार्ड

मुंबई,
ता. ४ फेब्रुवारी १९७४

चि. शोभास अ. आ.

हे पत्र नानांना दाखव. मार्तंडच्या स्थळाला होकार कळवू नका.

माझं काम तुला ठाऊक आहे: उन्हावर वीज देणारी सिलिकॉनची चकती. सगळ्या तारा तिच्या पाठीला, म्हणजे तोंडावर सावली नाही. चकती अजून जन्मायची आहे. ती किती वीज देईल ते काँप्युटर, आकड्यांची भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावरून सांगतो. मी तापानं पडलो तेव्हा आकडे उत्तम होते. उठून बघतो तर वीज निम्म्यावर, आणि गठ्ठ्यात एक कार्ड बदललेलं. त्या खोलीत माझ्याखेरीज मार्तंडच बसतो, आणि त्यालाही माझ्यासारखी याच विषयात डॉक्टरेट हवी आहे. कुठंतरी पाणी मुरतंय.

तुझ्या लोभात कसर नसावी.
नारायण

शनिशिंगणापूर,
ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून नानांनी चहा तसाच ठेवला. आता त्यांना सगळ्यातच काळंबेरं दिसतं. मार्तंड मला पाहायला आले तेव्हा विहिरीकडे एकटेच का गेले, हे आईला दोनदा विचारून झालं. संशय तुझ्यावरही आहे बरं का: जी चकती कुणी पाहिली नाही, तिची वीज कमी होते कशी, म्हणतात.

मला ते आवडले होते. आईलाही बोलले नाही, तुला सांगते. तू त्यांना विचारलंस तरी का? आधी विचार, मग लिही.

माया पातळ करू नकोस.
शोभा

मुंबई,
ता. २१ फेब्रुवारी

चि. शोभास अ. आ.

आम्हा दोघांना मार्गदर्शन करणाऱ्या सरांसमोर मार्तंडला जाब विचारला. तो चिडला नाही, तेच वाईट. चकतीच्या तोंडावर बरीच वीज जागीच जिरते. ती मी शून्य धरली होती. आपल्या गावात घरांना दारं नाहीत, चोरी होतच नाही असं धरून चालतो ना, तसं. त्यानं कार्ड बदलून खरा आकडा घातला. खाटेशी येऊन मला विचारलंही होतं, आणि तापात मी हो म्हणालो. तेव्हा सरही खाटेशीच उभे होते. मला काही आठवत नाही.

फार लाज वाटते. नानांना सांग, होकार कळवा.

रागावलीस तरी लिहीत जा.
नारायण

शनिशिंगणापूर,
ता. २६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

नकार कधीच गेला. मुलगा भरवशाचा नाही, असं कारणही नानांनी लिहिलं. आता शब्द फिरवला तर लोक आपल्यालाच नावं ठेवतील, म्हणून ते होकार कळवायला तयार नाहीत.

काल मीच मार्तंडना पत्र टाकलं. तुझी बाजू मांडली नाही. मला तुम्ही पसंत आहात, एवढंच लिहिलं. उत्तर मी शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर मागवलंय. घरी मागवायचा धीर झाला नाही. आपल्याकडे आता कोण कुणाचं पत्र फोडेल, सांगता येत नाही.

लोभ ठेव, जमलं तर.
शोभा