लोखंडी जिन्यापाशी उभा माणूस

फोटोतल्या माणसाचे बूट आधी पुसले, अण्णा. मग पँट, कोट, कठड्यावरचा हात. चेहरा शेवटी. संगणकावर तुमच्यासारखी पेन्सिलीला टोकं काढत बसावं लागत नाही. शेजारची वीट उचलायची आणि माणसावर ठेवायची. वीस मिनिटांत त्याची भिंत झाली.

अबू धाबीच्या एका मॉलमध्ये नवं थिएटर उघडतंय. तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन थिएटरांचे फोटो लावणार आहेत, भिंतभर मोठे करून. संगमरवरी जिने, झुंबरं, दिव्यांनी लिहिलेली नावं. आधी नाच, नकला, जादू आणि मग मूकपट, असे खेळ तिथे होत. ते फोटो साफ करायचं काम माझ्याकडे आलं. ओरखडे, बुरशी, पिवळेपणा. या एका फोटोत दारासमोरची गर्दी हलल्यामुळे धुरासारखी उमटली आहे. एकच माणूस स्पष्ट आहे, कारण तो हललेला नाही. बाजूच्या गल्लीत, लोखंडी जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याचा एक पाय आहे. वर पाटी आहे: काळ्या लोकांसाठी, गॅलरी. पुढचं दार फक्त गोऱ्यांचं.

"मॅडम, वहाँ फॅमिली लोग आते हैं," साहेब म्हणाले. "सीढ़ी, बोर्ड, आदमी, सब निकाल दो."

"सर, वो तो फोटो में है."

"तो अब नहीं रहेगा. यल्ला, जल्दी करो, कल प्रिंटिंग है."

माझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो. रिन्यूअलच्या कागदावर त्यांची सही लागते. मी मान हलवली आणि काम अजमानला घरी घेऊन आले.

आठवतं? मी पंधरा वर्षांची आहे. तुमच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत, काचेखालच्या दिव्यापाशी. एकाची बायको गेली आहे, त्याला हार घालायला फोटो हवा आहे. तिच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. मी तुमची पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर एकेक व्रण भरते. तुम्ही खूश व्हाल म्हणून. तो माणूस फोटो हातात घेऊन बराच वेळ बघतो आणि विचारतो, "ही कोण?" तुम्ही त्याच्यादेखत मला म्हणता, "डाग काढायचा असतो गं. माणूस नाही." तुम्ही दुसरा फोटो केलात, व्रणांसकट, आणि त्याच्या घरी नेऊन द्यायला मलाच पाठवलंत. त्याने दारातच ते व्रण बोटाने चाचपले.

आज दुपारी तुमची नात माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "आई, व्हेअर डिड ही गो?"

"ऑफिसचं काम आहे. जा, जेवून घे."

"बट ही वॉज जस्ट देअर."

ती गेल्यावर दिसलं, फुटपाथवर त्याची सावली राहिली आहे. टोपीसकट. नवशिके करतात ती चूक. तुम्ही कान उपटला असतात. मी ती तशीच ठेवली. वाटलं, एवढं तरी आपण केलं. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? कोणी विचारलंच, तर नजरचुकीने राहिली असं सांगायचं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

हे पत्र त्या फोटोच्याच फोल्डरमध्ये ठेवते आहे. तुम्ही गेल्यावर दुसरं कुठे ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी स्क्रीनवर त्या सावलीवर बोट ठेवलं. "मॅडम, यहाँ एक दाग रह गया." मी सॉरी म्हटलं आणि तो काढला.