चिकाचा हलवा

येरुहाम,
२ सप्टेंबर १९७९

प्रिय व्हायोलेट,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू हे पत्र आधी बाजूला ठेवलं असशील आणि सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर उघडलं असशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू अश्केलोनला राहायला गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही. गेल्या रोश हशानाला तुझं नव्या वर्षाचं कार्ड आलं, त्याचंही उत्तर दिलं नाही. आता घरी टेलिफोन आलाय आणि तो आल्याचं मी साऱ्या येरुहामला सांगून झालंय, पण तुझ्या शेजारणीकडे फोन करून तुला बोलावून घ्यावं, एवढं काही माझ्याच्याने झालं नाही. कामात होते असं लिहिणार होते. ते खोटं झालं असतं. मला लाज वाटत होती.

ओरनाच्या मेंदीला काय झालं ते तुझ्या कानांवर आलंच असेल. आपल्या लोकांत बातमीला बसची वाट पाहावी लागत नाही. पण वाटेत तिला मीठमसाला लागतो, म्हणून माझ्याकडून ऐक. माझ्या भावाची, मेइरची ही एकुलती एक पोर, आपण हलव्यावर लावायला बदाम सोलायचो तेव्हा तुझ्या मांडीवर बसून निम्मे खाऊन टाकायची तीच. तिनं बेअर शेवाच्या एका मोरोक्कन घरातला मुलगा पसंत केला. अमोस नाव. मुलगा गुणी आहे, ओरनाला जपतो. मोरोक्कोच्या लोकांतही मेंदी असते, तेव्हा दोन्ही घरांनी मिळून एकच करायची ठरली, आपल्याच गावच्या हॉलमध्ये. मटण मेइरच्या बायकोनं आणि तिच्या बहिणींनी रांधलं. हलवा माझ्याकडे होता. दुसऱ्या कुणाला सांगायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि आलं असतं तर मी ते होऊ दिलं नसतं.

जेवणं चांगली झाली. अमोसची आई झेहावा माझ्याच पंक्तीला होती. जाडजूड, कमी बोलणारी बाई. तिनं हलव्याची वडी तोंडात टाकली, मान डोलावली आणि दुसरी उचलली. तेवढ्यात तिची बहीण पाणी आणायला आत गेली आणि येताना कचऱ्याच्या डब्यातली रिकामी पिशवी घेऊन आली. नारळाचं दूध काढायचा खटाटोप नको म्हणून मी बाजारातून जी तयार पूड आणली होती, तिची पिशवी. त्यावर ठळक अक्षरांत ‘हालावी’ छापलेलं. म्हणजे त्यात दूध होतं. मटणाच्या जेवणात दुधाचा थेंब चालत नाही, म्हणून तर आपल्या जुन्या बायकांनी हलव्याला नारळाचं दूध घातलं. तेवढ्यासाठी तो हलवा तसा असतो. आणि मी, जिचं नाव हलव्यामुळे, तिनंच त्यात दूध घालून साऱ्या वऱ्हाडाला मटणावर खाऊ घातलं.

झेहावानं पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि हळूच विचारलं, “हे तुम्ही वाचलं नाहीत?” व्हायोलेट, मला हिब्रू वाचता येतं. दुकानाची पाटी, मुलांची शाळेची पत्रं, सगळं मीच वाचते. मी बघितलंच नव्हतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी भांडले तरी असते. उठून नळापाशी गेली, चूळ भरली आणि आपल्या माणसांना उठायची खूण केली. जाताना त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं की या हिंदी लोकांना कश्रुत, खाण्यापिण्याचे नियम, काय कळणार. तू तिथे नव्हतीस, पण तुला ते कसं लागलं असतं ते मी जाणते. आपण खरे यहुदी की नाही म्हणून लग्नाच्या वेळी इथले रब्बी आज्या-पणज्यांची चौकशी करायचे, तेव्हा आपण दोघी पोरं काखोटीला मारून जेरुसलेमला धरणं धरायला गेलो होतो. रस्त्यावर बसलो, उन्हात भाजलो, हटलो नाही. त्या सगळ्यानंतर मी माझ्या हातानं त्यांच्या हातात ती पिशवी दिली.

हे एका दिवसात झालं नाही. तू असतानाच सुरू झालं होतं. बेअर शेवाच्या मेळाव्यात पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, दिमोनाहून, लोदहून, पार अश्दोदहून बोलावणी यायला लागली आणि मी गिरणीतली नोकरी सोडली. त्याच्याआधीची रूबी आठवते का तुला? मला आठवते, पण ती कुणी दुसरी बाई होती असं वाटतं. गहू भिजवून ठेवले की तिला झोप लागायची नाही. पाणी बदललं का, आंबट वास तर नाही, चीक नीट खाली बसला का. कढई उतरवायच्या आधी चमचाभर हलवा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायची आणि अजून नाही, अजून नाही म्हणत तुझे हात मोडेस्तोवर तुला ढवळायला लावायची. तू मनातल्या मनात मला शिव्या देत असशील. पण हलवा व्हायचा तो व्हायचाच.

फोटो आला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. आता कुणाला काय दाखवायचं राहिलं होतं? आधी गहू भिजवणं सोडलं, कॉर्नफ्लॉवर आणलं. कुणी काही बोललं नाही. मग वेलचीचा अर्क आला बाटलीतला. तेव्हाही कुणी बोललं नाही. मग ती पूड. लोक तसेच वाहवा करत राहिले, आणि वाहवा तीच म्हणून हलवाही तोच आहे असं मी धरून चालले. बोललीस ती एक तू. भरल्या स्वयंपाकघरात, चार बायकांसमोर चमचा खाली ठेवून म्हणालीस, “रूबीबाई, हा चिकाचा हलवा नाही.” आणि मी तुला म्हटलं, “लोक कुणाच्या नावानं मागतात ते आधी बघ.” बायका हसल्या. त्या हसाव्यात म्हणूनच मी तसं म्हटलं होतं. पुढं तुझ्या नवऱ्याला अश्केलोनला काम लागलं आणि तू गेलीस. नवऱ्याच्या कामासाठी गेलीस असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि स्वतःलाही.

लग्न झालं. ते मोडलं नाही हे अमोसचे उपकार. पण झेहावा ओरनाच्या घरी जेवत नाही. दर शुक्रवारी शब्बाथच्या आधी सुनेला भेटायला येते, खुर्चीत बसते, मुलाशी बोलते, स्वतःच्या पिशवीतलं संत्रं स्वतःच्या सुरीनं सोलून खाते आणि घरी जाते. ओरनानं रब्बींना विचारून सगळी भांडी उकळत्या पाण्यातून काढली, ताटं नवी आणली. काही उपयोग नाही. पोरीनं मला एका शब्दानं सांगितलं नाही, हे मला तिच्या आईकडून कळलं. आता तिला दिवस गेलेत. उद्या मूल झालं की ते आईच्या हातचं खाईल आणि आजी शेजारी बसून खाणार नाही. मूल विचारणार नाही का? आणि त्याला काय सांगायचं? तुझ्या आईच्या आत्यानं पिशवी वाचली नाही म्हणून?

या उन्हाळ्यात मी एकही काम घेतलं नाही. तसं कुणी बोलावलंही नाही म्हणा. हाइम दोनदा म्हणाला की चार महिने झाले, लोक विसरतात. त्याला काय, तो बिचारा आमच्या लग्नातले पाहुणेसुद्धा विसरलाय. मग गेल्या आठवड्यात अमोस आला. आईला किती समजावलं, किती विनवलं ते त्यानं सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून दिसत होतं. झेहावा रोश हशानाला ओरनाच्या घरी जेवायला बसायला तयार झालीय, एका अटीवर. तिच्या डोळ्यांदेखत जे शिजेल तेच ती खाईल, आणि पहिला घास त्या हलव्याचा घेईल. म्हणाली, त्याच बाईला बोलवा, तिनं करावा, मी बसून बघेन. आदल्या दिवशी सकाळीच येणार आहे. त्या बाईचं मन मला समजत नाही. मला संधी देतेय की परीक्षा घेतेय, देव जाणे. मी मात्र क्षणभरही न थांबता हो म्हटलं. छाती पुढं काढूनच म्हटलं. सुंभ जळला तरी पीळ कुठला जातोय माझा.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर पत्र इथेच फाडेन. अमोस गेल्यावर मी गहू भिजवले. उन्हाळ्यात पाणी किती वेळा बदलायचं ते आठवेना, सगळे आंबले. परत भिजवले. चीक बसला, पण नारळाचं दूध कधी घालायचं त्यात चुकले, कढईच्या बुडाशी लागला आणि वर गुठळ्या. तिसऱ्यांदा जे झालं ते हाइमनं वाटीतून खाल्लं आणि लापशी चांगली झालीय म्हणाला. मी मोरीत जाऊन रडले. इतकी वर्षं केलेलं असं हातातून जातं हे मला ठाऊक नव्हतं. तू अजून घरी तसाच करतेस, चिकाचा, हे अश्केलोनहून आलेली लिआ सांगत होती. तेव्हा तू ये, आणि मला शिकव. मी शिकवलं होतं म्हणून नाही, तू ते सांभाळलंस म्हणून. त्या सकाळी कढईपाशी मीच उभी राहीन, कारण झेहावानं मला बोलावलंय, पण शेजारी तू हवीस. माझं चुकलं की तिच्यादेखत मला थांबव, आणि मराठीत नको, हिब्रूत बोल, तिला कळू दे. ओरनाला मी अजून काहीच बोलले नाही. ती रोज फोन करून विचारते, आत्या, काय काय आणून ठेवू? तू येणार नसशील तर मला तिला सांगावं लागेल, की बाळा, तुझ्या आत्याला हलवा येत नाही.

तुझीच,
रूबीबाई