सहा पाकिटांतला दहिया

अकोला, ११ फेब्रुवारी १९८६

ती. ताईस,
मुरलीचा शि. सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. मी जेवतो, झोपतो, प्रयोगशाळेत जातो. रडू काही येत नाही. तू मला लहानपणी दगड म्हणायचीस, ते आता पटतं.

कामाचं लिहितो. कपाशीच्या पानावरचा दहिया रोग गावागणिक बदलतो का, हा माझा प्रबंध. दिवाळीआधी बाबांनी सहा गावांची रोगट पानं पोस्टाने पाठवली, प्रत्येक पाकिटावर त्यांच्याच अक्षरात गावाचं नाव. त्यांवरची बुरशी मी वेगवेगळ्या नळ्यांत वाढवली. वाढ, रंग, बीजाणू, सगळं हुबेहूब सारखं. माझे मार्गदर्शक ठोंबरे सर, त्यांनी विचारलं, ही सहा गावं की एका आईची सहा लेकरं? महिनाअखेर प्रबंध द्यायचाय. बाबा त्या गावांना गेले होते ना, एवढं कळव. शाळेतल्या पोरांना फार झोडपू नकोस.

तुझा मुरली

सावरा, १६ फेब्रुवारी

चि. मुरलीस अनेक आशीर्वाद.

झोडपायला हातच उचलवत नाही रे आताशा.

बाबा कुठेच गेले नाहीत. दसऱ्यापासून त्यांना ओसरीची पायरी उतरवत नव्हती, दम लागायचा. यष्टीने पातूर-बाळापूर गाठणं तर दूरच. मला आपल्याच वावरातली पानं तोडून आणायला लावली आणि खाटेवर बसून पाकिटांवर सहा गावांची नावं घातली. मी म्हटलं, हे बरं नाही बाप्पा. तर म्हणे, दहिया तो दहियाच, सगळीकडे पांढरा; मुरलीले सांगशील तर पोट्टं काम सोडून धावत येईन. दुखण्याचंही लिहू दिलं नाही. मी गप्प बसले, चुकलंच माझं. शिव्या दे, पण पत्र लिही.

तुझीच, वत्सलाताई

अकोला, २२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सरांना सगळं सांगितलं. प्रबंध थांबला. पुढच्या हंगामात मी स्वतः फिरून पानं आणायची, वर्ष गेलं. सर बिचारे माझ्याहून जास्त हळहळले. मी डबा खाल्ला. पोळी वातड होती.

तुला कसल्या शिव्या देऊ? बाबांवरही राग नाही. पण ताई, जाणं जमत नाही एवढी एक ओळ आली असती, तर पानं तोडायला मीच आलो असतो. आठ दिवस तरी मुक्काम पडला असता. रोज संध्याकाळी बाबांच्या शेजारी जेवायला बसलो असतो.

आहे तो लोभ असाच राहू दे.

तुझा मुरली