ओल्या केसांचा नियम

बॅलिकरा,
बुधवार, १९ फेब्रुवारी

ती. डिंफनाताईस,

धाकट्या फिन्टनचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? लीड्समध्ये बर्फ पडल्याचं रेडिओवर ऐकलं, तेव्हा उगाच दूध आणायला म्हणून बाहेर पडू नकोस. खाली राहणाऱ्या त्या पोलिश मुलीला सांग, ती आणून देईल. माझी तब्येत उत्तम आहे. भूक लागते, झोपही लागते. (दोन्ही खोटं आहे, पण पत्राच्या सुरुवातीला असंच लिहायचं असतं.) नोरीनला जाऊन महिना झाला म्हणून ठेवलेल्या मिस्साला तू तिकडे बसून चर्चच्या कॅमेऱ्यातून हजर होतीस, ते फार बरं वाटलं. चित्र स्वच्छ दिसलं, फादर कॉस्टेलोंचा आवाज नीट आला आणि माझं टक्कल आता बशीएवढं झालंय, असं तू फोनवर म्हणालीस. कळवल्याबद्दल आभारी आहे. मात्र त्या कॅमेऱ्याला वेदी दिसते आणि पहिल्या बाकावरचं माझं टक्कल दिसतं. दार दिसत नाही. दारात जे झालं ते तुला एव्हाना फिलोमिना ब्रॉफीकडून कळलं असेल, किंवा आज संध्याकाळपर्यंत कळेल. तेव्हा ते आधी माझ्याकडून ऐक.

गोष्ट झग्यांची आहे. तू गाव सोडलंस तेव्हा पायऱ्यांवरून समुद्रात उतरणाऱ्या माणसाकडे एक टॉवेल असायचा, तोही अपुरा. बाहेर यायचं, खडकाच्या आडोशाला एका पायावर नाचत विजार चढवायची, दात वाजत असताना चहाचा थर्मास उघडायचा आणि घरी जायचं. नंतर कधीतरी डब्लिनच्या लोकांनी आपल्याकडे घरं घ्यायला सुरुवात केली आणि त्यांच्याबरोबर झगा आला. पोटऱ्यांपर्यंत लांब, बाहेरून ताडपत्रीसारखा, आतून मेंढीसारखा, आणि इतका ऐसपैस की आतल्या आत सगळे कपडे बदलता यावेत. समुद्रातून निघाल्यावर अंगावर घ्यायची ही वस्तू. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. (होती. पण मी ती मनात ठेवली होती.) पण पुढे हे लोक झगा घालून समुद्राकडे यायचेच बंद झाले. ते झगा घालून पाव आणायला जातात. मुलांना शाळेत सोडतात. औषधांच्या दुकानात, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे झगा. एकाच्या कुत्र्यालाही झगा आहे आणि तो कुत्रा पाण्याला घाबरतो. खाटिकाच्या दुकानात एक दिवस माझ्या पुढे सहा जण रांगेत होते, सहाही जण समुद्रातून नुकते वर आल्यासारखे दिसत होते, आणि सहांच्याही डोक्यावरचे केस इस्त्री केल्यासारखे कोरडे. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी पोहणाऱ्यांच्या मंडळाचा चिटणीस आहे, हे तुला ठाऊक आहे. (सभासद अकरा. आता दहा.) त्या अधिकारात मी नियम केला: पायऱ्यांच्या कठड्याच्या आत झगा घालायचा असेल तर केस ओले पाहिजेत. नुसता केला नाही, फळी रंगवून, स्क्रू पिळून लावला. निळ्या अक्षरांत. सकाळी सात ते आठ मी स्वतः तिथं उभा राहायचो आणि शंका आली तर सरळ डोक्याला हात लावून पाहायचो. एका बाईंनी पोलीस चौकीत गार्डांकडे तक्रार केली. गार्ड आला, त्यानं फळी वाचली, हसला आणि म्हणाला, "फिन्टन, तुझे स्वतःचे केस कसे तपासायचे रे?" तेव्हापासून गावात माझं नाव केस-इन्स्पेक्टर पडलं. नोरीनही त्याच नावानं चहाला हाक मारायची.

नोरीन माझ्याबरोबर एकतीस वर्षं रोज सात वाजता पाण्यात उतरली, ते तुला सांगायला नको. आजारी पडल्यावरही उतरायची. डॉक्टर म्हणाले होते, मनाला बरं वाटतंय तर पोहू दे, मात्र बाहेर आल्या आल्या ऊब मिळाली पाहिजे. त्या औषधांनी तिला कायम थंडी वाजायची. उन्हाळ्यातसुद्धा पायात दोन दोन मोजे असायचे. मी तिला टॉवेल द्यायचो, चहा ओतायचो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो, ही बघा, ही खरी पोहणारी, हिला नाही लागत झगाबिगा. ती निळ्या ओठांनी हसायची. तीन वर्षांपूर्वी दुकानाच्या काचेत लटकलेल्या एका झग्यासमोर ती जरा रेंगाळली होती. मी म्हटलं, नोरीन, ज्या दिवशी तू हे अंगावर घेशील त्या दिवसापासून मी तुझ्या शेजारून चालणार नाही. मी गमतीनं म्हटलं होतं. (गमतीनं नव्हतं म्हटलं.) ती "बरं" म्हणाली आणि आम्ही पुढे चालू लागलो.

आता रविवार. तू पाहिलंसच, पाऊस कोसळत होता, तरी चर्च भरलं होतं. फादरांनी नोरीनचं नाव नीट उच्चारलं, गेल्या महिन्यासारखं मॉरीन म्हटलं नाही. बायबलचं दुसरं वाचन चालू असताना मागचं दार वाजलं आणि मी वळून पाहिलं. (म्हणून तुला माझं टक्कल मध्येच दिसेनासं झालं असेल.) आठ बाया आत आल्या. आठही झग्यात. बाहेरून काळे, आतून गुलाबी, एकाच मापाचे, एकाच दुकानातले. त्यांच्या पुढे ती ऑर्ला, डब्लिनहून आलेली, जुन्या पोस्टमास्तराचं घर घेऊन त्याला काचेची भिंत बसवणारी. त्या शेवटच्या बाकावर बसल्या. त्यानंतर मला मिस्सातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. माझ्या बायकोच्या मिस्साला, दूध आणायला जावं तसं येतात, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. देवा, मला क्षमा कर, पण प्रसाद जिभेवर असताना मी वाक्य जुळवत होतो.

मिस्सा संपल्यावर रीतीप्रमाणे मी दारात उभा राहिलो. एकेक जण यायचा, हात हातात घ्यायचा, "तुझ्यावर आलेल्या दुःखाचं वाईट वाटतं, फिन्टन," म्हणायचा, आणि बाहेर जाऊन पावसाबद्दल बोलायचा. दीडशे लोकांचे हात मी घेतले असतील. दहा वर्षं ज्याच्याशी बोलत नव्हतो त्या कुंपणवाल्या मर्फीचासुद्धा. मग ऑर्ला आली आणि तिनं हात पुढे केला. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले. आजवर आपल्या गावात त्या दारात असं कुणी केलेलं नाही. आपल्या आईनं तर बाबांच्या सावकारालाही हात दिला होता. रांग थांबली. मी म्हणालो, आणि मोठ्यानं म्हणालो, "बाई, तुम्ही मिस्साला आलात की पोहायला?"

ती म्हणाली, "दोन्हीला, मिस्टर टायनन."

मला वाटलं, ही थट्टा करते आहे. आणि ताई, मी हात उचलला. फळीवरचा नियम माझ्या हातात इतका भिनला होता की मी चर्चच्या दारात, दीडशे माणसांसमोर, त्या बाईच्या डोक्याला हात लावून पाहिला. केस चिंब ओले होते. पावसानं नव्हे. माझ्या बोटांना मीठ लागलं. तिच्या मागच्या सातही जणींच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, फरशीवर थारोळं झालं होतं. "नोरीन जायची त्याच वेळेला आज आम्ही सगळ्या उतरलो," ती म्हणाली. "घरी जाऊन कपडे बदलत बसलो असतो तर मिस्सा चुकली असती."

मी म्हणालो, नोरीन सात वाजता जायची, माझ्याबरोबर. तर ती अगदी हळू बोलली, पण एवढ्या शांततेत हळू बोलून काय उपयोग. "सातला तुमच्याबरोबर. मंगळवारी आणि गुरुवारी अकराला आमच्याबरोबर. तिचा झगा अजून माझ्या दारामागे लटकतोय, मिस्टर टायनन. कसा विचारावं कळत नव्हतं. तुम्हाला हवाय का?"

मंगळवारी आणि गुरुवारी अकराला नोरीन रोझरीला जायची. तीन वर्षं. मी तिला सांगायचो, एवढी प्रार्थना करतेस, माझ्याही नावाचं एखादं म्हण. ती म्हणायची, म्हणते की. मी म्हणालो, माझी बायको आयुष्यभर टॉवेलवर राहिली. ऑर्ला म्हणाली, "टॉवेल तुमच्यासमोर." मागून फिलोमिना ब्रॉफीनं एवढा मोठा श्वास घेतला की मेणबत्त्या हलल्या असतील. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "नको मला. द्या जुन्या कपड्यांच्या दुकानात, नाहीतर जाळा." तिचे डोळे भरले. ती म्हणाली, शनिवारी दुकानात सामान पोचवायचंच आहे, त्यात टाकते. आणि तिच्या मागच्या सातही जणींनी, एकामागून एक, पुन्हा पाठीमागे घेतलेला माझा हात ओढून काढून हातात घेतला आणि "तुझ्यावर आलेल्या दुःखाचं वाईट वाटतं, फिन्टन," म्हटलं. सातही जणींचे हात गरम होते. त्या झग्यांना आत खिसे असतात म्हणे.

आता तुझ्याकडे वळतो. त्या दुपारी हॅम सँडविच खात असताना फिलोमिना माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, बिचाऱ्या डिंफनानं इतक्या प्रेमानं लीड्सहून पाठवलेला झगा, असा दुकानात जाणार. ताई! ऑर्लाच्या पत्त्यावर! तीन वर्षं दर रविवारी तू माझ्याशी फोनवर बोलतेस, हवामान विचारतेस, माझ्या पोटाचं विचारतेस, आणि एकदाही तोंडातून ब्र काढला नाहीस. तुम्ही दोघींनी मिळून मला असा माणूस ठरवलंत की ज्याच्यापासून ऊबसुद्धा लपवावी लागते. मला तुझा फार राग आला आहे. सोमवारी मी तुझा फोटो कपाटावरून उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. मंगळवारी पुन्हा बाहेर काढला, कारण त्यात नोरीनही आहे. सात वाजता ती माझ्या शेजारी टॉवेलमध्ये कुडकुडत उभी राहायची आणि मी तिचं कौतुक करायचो, हे आठवलं की मला चहा उतरत नाही. तिनं एकदा म्हणायचं होतं. मी चिडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारून चाललो असतो. चाललो असतो ना, ताई?

सोमवारपासून रोज मी त्या जुन्या कपड्यांच्या दुकानात जातो आहे. शनिवार अजून लांब आहे हे मला कळतं, पण ऑर्लासारखी माणसं कामं लवकर उरकतात. दुकानात आधीच चार झगे टांगलेले आहेत. चारही काळे, आतून गुलाबी. मी एकेकाच्या खिशात हात घातला. नोरीनच्या कुठल्याही खिशात असायच्या त्या पेपरमिंटच्या गोळ्या नाहीत, सामानाची यादी नाही. मग कुणी पाहत नाही असं बघून एका झग्यात नाक खुपसलं. दुसऱ्यात खुपसलं. तिसऱ्यात असताना मागून फिलोमिना, जी बुधवारी तिथं काउंटरवर बसते हे मी पार विसरलो होतो, म्हणाली, "फिन्टन, तुला मोठा साइज लागेल रे. तो बायकांचा आहे." सगळं दुकान हसलं. मी एक बरणी विकत घेतली आणि बाहेर पडलो. मला बरणीची गरज नाही.

बाकी इकडे सर्व क्षेम. मर्फीनं कुंपण मागे घेतलं. हवा वाईट आहे. गुडघ्यांना ते मलम चोळत जा.

तुझा भाऊ,
फिन्टन

ता. क. : फळी मी काल उतरवली. याचा अर्थ माझं मत बदललं असा घेऊ नकोस. स्क्रू गंजले होते. माणसानं झगा घालून बँकेत जाऊ नये, हे मी मरेपर्यंत म्हणेन.

आणखी एक ता. क. : तू ऑर्लाला एक पत्र लिही. म्हणावं, झगा मी घेतलेला, तेव्हा तो माझ्याकडे परत पाठवा, दुकानात देऊ नका. मग तू तो साध्या तपकिरी कागदात गुंडाळून इकडे पाठव. वर काही लिहू नकोस, पोस्टमन सगळं वाचतो. माझ्यासाठी आहे हे तिला सांगू नकोस. मला तो घालायचा नाही. माझ्या अंगाला तो होणारही नाही. दारामागे लटकेल, बस.

शेवटचं : पत्र नको, वेळ नाही. हे तुला शुक्रवारी मिळेल, मिळताच तिला फोन कर. मीच तुला फोन का केला नाही विचारशील, तर फोनवर तुला रडू येतं. (बरं. मला.) आणि माझ्यासाठी आहे म्हणून सांगितलंस तरी चालेल. फक्त एवढं आधी सांग, बाकी सगळं नंतर: ती बाई टापटिपीची आहे, देण्याआधी मशीनमध्ये टाकेल. म्हणावं, धुऊ नका.