विवरावरचा आचारी

शेळगाव, बुधवार, १७ सप्टेंबर २०२५
सकाळचे सव्वासात, ओट्यावर बसून लिहितोय

प्रिय संस्कृतीताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

आबांच्या वर्षश्राद्धाला तू बारामतीहून आलीस आणि येईल त्याला मोबाइलवर मुक्त ज्ञानकोशातला तो लेख दाखवलास. कोयनेकडच्या खोल संशोधन विवराचा लेख, आणि त्यात आपल्या आबांचं नाव, ‘मुख्य ड्रिलर’ म्हणून. आई हरखून गेली. तेव्हापासून आळीभर सांगत असते, “तीन किलोमीटर खाली ह्यांनीच भोक पाडलं, साऱ्या जगाला दिसतंय.” शेजारची छबूबाई म्हणाली, “मग पाणी लागलं का न्हाय?” तर आई तिच्याशी अजून बोलत नाही.

त्या ज्ञानकोशात कुणालाही लिहिता येतं, तसं खोडताही येतं. ते नाव कुणीतरी खोडायचं आणि तू परत घालायचीस. शेवटी लेखाच्या चर्चापानावर त्यानं पुरावा मागितला, तेव्हा तू लिहिलंस, “बारावी नापास लोकांनी शास्त्राच्या लेखात हात घालू नये.” ताई, नेमकं कसं ओळखलंस? तो मीच होतो.

आबा तिथं स्वयंपाक करायचे, हे तुलाही ठाऊक आहे. यंत्रावरची माणसं पाळी संपवून यायची ती त्यांच्या पिठल्याच्या वासावर. तुझ्या लग्नाच्या बैठकीत तू त्यांना ड्रिलर केलंस, आणि ते मान खाली घालून बसले. परतताना एसटीत मला म्हणाले, “अवी, भाकरी वाईट करत हुतो का रं मी?”

गेल्या आठवड्यात तू पेपरात बातमी छापून आणलीस आणि तीच पुरावा म्हणून लेखाला जोडलीस. छापलेलं असलं की ज्ञानकोशात चालतं, पोटच्या पोरानं सांगितलेलं चालत नाही. तसा नियमच आहे. मग मीही नियमानंच गेलो. त्याच पेपराला खुलासा दिला, खाली मुलगा म्हणून सही केली, सोबत आबांचा चुलीपुढचा फोटो. रविवारी छापून येईल. आता थांबवता येणार नाही, मी विचारून घेतलंय.

तुझे सासरे तो पेपर घेतात, म्हणून तुला आधी कळवतोय. काय सांगायचं ते ठरवून ठेव. इथं आईला वाचता येत नाही. पेपर तिला रोज मीच वाचून दाखवतो. रविवारीही दाखवीन, आणि एकही शब्द गाळणार नाही.

तुझाच धाकटा,
अविराज